तीन-चार कसा झाला

खापरखेडा
५ जानेवारी २०२५

प्रणाली बेटा, जय भीम.

मामाचं पत्र आलं म्हणजे कोणीतरी गेलं असं समजून आधी शेवटची ओळ वाचू नकोस. सगळे जागच्या जागी आहेत. तुझी मामी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली आहे आणि अर्ध्या तोंडात टाकते आहे. डॉक्टरने मला पंधरा दिवस बोलायचं नाही असं सांगितलंय. डिसेंबरच्या स्पर्धेत आपल्या स्पीकरवाल्या गोलूने फाटका माइक दिला, त्यात ओरडून ओरडून घसा बसला, बाकी काही नाही. आता फोनवर तू बोलणार आणि मी इकडे मान डोलावणार, ते तुला दिसणार कसं? व्हिडिओ कॉल लावला की तुझी मामी कॅमेरा स्वतःकडे फिरवते. अंगठ्याने टाइप करायला बसलो तर एका ओळीत चहा निवतो. तू वसतिगृहात होतीस तेव्हा आपण पत्रंच लिहायचो, तेच बरं होतं.

लिहायचं कारण असं, की फोनमध्ये तुमच्या फुटबॉल लीगच्या पानावर नुसते आकडे असतात. तुमची नेत्रावती शून्य, समोरचे दोन. पण झालं काय ते कोण सांगणार? तुमच्या सामन्याला कॅमेरा नाही, पेपरवाला नाही. तुझी टीम तळाला आहे म्हणून कोणी विचारत नाही, एवढं मला कळतं. पण तळाची टीम काय नव्वद मिनिटं मैदानावर झोपून राहते?

आपल्या मैदानावर मी माइकवरून आधी हरलेल्यांची नावं घेतो हे तू लहानपणापासून पाहिलंस. जिंकणाऱ्यांना कप मिळतो, हार मिळतात, आमदाराबरोबर फोटो मिळतो. हरलेली पोरं तेव्हा अंधारात आपली चप्पल शोधत असतात. म्हणून त्यांची अकराच्या अकरा नावं आधी, आणि ती संपेपर्यंत कोणी जागचं हलायचं नाही. वीज केंद्रात नोकरीला लागलो तेव्हापासून हेच चाललंय. आणि घरचीच पोरगी मंगळूरला पगारावर गोलकी आहे, तर तिचा सामना कसा हरला हे मला माहीत नसावं, हे काही बरं नाही. नीट लिही. कोणी कोणाला पास दिला ते पण लिही.

तुझा मामा
धम्मदीप

*

मंगळूर
१४ जानेवारी २०२५

मामा, जय भीम.

तुमचं पत्र क्लबच्या वॉचमनने दोन दिवस नुसतं उलटून-पालटून पाहिलं. त्याला वाटलं कोर्टाचं काहीतरी आहे. मग मी सांगितलं की आमच्याकडे अजून मामा पत्र लिहितात.

सामना मागितलात, तर हा घ्या. शुक्रवारी भुवनेश्वरच्या टीमशी होता, त्या लीगमध्ये सगळ्यात वर आहेत. बघायला कोण होतं? अँब्युलन्सचा ड्रायव्हर, मैदानाला पाणी मारणारी बाई, आणि समोरच्या शाळेतून डबा खायला आलेल्या दोन शिक्षिका. हाफ टाइमला आम्ही चार गोलांनी मागे होतो. लविना मॅडम, म्हणजे आमच्या कोच, रागावल्या नाहीत. संत्र्याच्या फोडी वाटल्या आणि म्हणाल्या, आता कोणी बघत नाही, तर निदान मजेने खेळा.

मामा, काय झालं मला अजून कळत नाही. थोइबी आमची सेंटर फॉरवर्ड, इम्फाळची, माझ्या खांद्याएवढी आहे. तिने उतरल्या उतरल्या एक मारला. मग फसीलाने, आमच्या कॅप्टनने, इतक्या लांबून मारला की त्यांची गोलकी बघत राहिली. तिसरा त्यांच्याच बॅकच्या गुडघ्याला लागून गेला. चौथा झाला तेव्हा अँब्युलन्सचा ड्रायव्हर गाडी सोडून माझ्या गोलमागे येऊन उभा होता आणि मला कानडीत काहीतरी समजावत होता. त्या शिक्षिकांची मधली सुट्टी संपून गेली तरी त्या हलल्या नाहीत.

शेवटी त्यांना पेनल्टी मिळाली. मी उजवीकडे झेप घेतली, बोटं लागलीसुद्धा. बॉल खांबाला लागून आत गेला. चार-पाच. दुसऱ्या दिवशी पेपरात रस्त्यातल्या खड्ड्यांची बातमी होती, आमची नव्हती.

आता माझं ऐका. आईचा सावनेरहून फोन आला होता. घसा बसलेला नाही. नागपूरला रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी आवाजाची पेटी काढावी लागेल असं सांगितलं आणि तुम्ही त्यांचं बोलणं पुरतं व्हायच्या आत चपला घालून निघून आलात. आई खाली रिक्षात बसून रडली. मामा, ऑपरेशनची तारीख कधीची आहे?

प्रणाली

*

खापरखेडा
२८ जानेवारी २०२५

बेटा,

तुझ्या आईच्या पोटात काही राहत नाही. लहान होती तेव्हा पण माझी बिडी तिनेच बाबांना दाखवली होती.

तर ऐक. गाठ आहे. तंबाखूचा खर्रा आणि बिडी दोघांनी मिळून केलं, आणि दोघांना घरात मीच आणलं. काढली तर वाचेन म्हणतात, नाही काढली तर वर्षभर कसंतरी. काढल्यावर गळ्याला भोक, श्वास त्यातून, आणि बोलणं बंद. डॉक्टर पोरगा चांगला आहे, त्याने कागदावर चित्र काढून दाखवलं. चित्र पाहिलं आणि मला उठावंसं वाटलं, म्हणून उठलो.

प्रणाली, कोळसा विभागात माझं नाव कोणाला ठाऊक नव्हतं. सगळ्यांचे चेहरे काळे, सगळे एकसारखे. कॉलनीत मला ओळखतात ते माइकमुळे. तो आवाज काढून घेतला तर तुझ्या मामीजवळ एक म्हातारा उरेल, ज्याला दारात कुत्रं आलं तरी हाकलता येणार नाही. मला मरायची हौस नाही. पण असं अर्धं राहायची पण हौस नाही. भीमजयंतीची फायनल यंदा शेवटची करतो, मग बघू.

आता चांगलं सांगतो. परवा २६ जानेवारीचा सामना होता आपल्या मैदानावर. हाफ टाइमला गाणी लावायची तर गोलूचा पेन ड्राइव्ह चालेना. तुझं पत्र माझ्या खिशात होतं. मी माइक घेतला आणि तुमचा सामना सुरू केला. वाचला नाही, तर जणू माझ्यासमोर चालला आहे अशी कॉमेंट्री केली. थोइबी निघाली, डावीकडे फसीला मोकळी आहे, असं. लोक समोसे हातात धरून बसले होते. गोलू येऊन माझी बाही ओढतो, “मामा, टाइम झाला गा, रेफ्री शिट्टी वाजवून राह्यला.” तर मागून सखूबाई ओरडली, “वाजवू दे त्याले. पेनल्टी गेली का राह्यली ते सांग आधी.” खेळणारी पोरंच मैदानात उतरेनात. बॉल खांबाला लागून आत गेला तेव्हा सगळं मैदान असं हळहळलं की तू ऐकायला पाहिजे होतंस.

म्हणजे तुमचा सामना कोणी पाहिला नाही असं आता म्हणू नकोस. पुढचा पाठव.

मामा

*

मंगळूर
८ फेब्रुवारी २०२५

मामा,

तुमच्या पत्रात एक गोष्ट राहून गेली. कॉमेंट्री संपल्यावर तुम्ही मैदानाच्या भिंतीशी जाऊन थुंकलात आणि त्यात रक्त होतं. मामीने पाहिलं, आईला सांगितलं, आईने मला.

माझ्या पत्राने तुम्हाला माइकपाशी नेलं. मला ते वाचून किती आनंद झाला होता, आणि मग आईचा फोन आला. मी जेवणाच्या हॉलमधून उठून बाथरूममध्ये जाऊन बसले. बाबा गेल्यावर मला मैदानावर कोणी नेलं? गोलकीचे हातमोजे नव्हते तर तुमचे वीज केंद्रातले हातमोजे शिवून कोणी लहान करून दिले? तुम्ही वर्षभर कसंतरी म्हणता, आणि ते असं लिहिता की जणू पाहुणा चहा न पिता निघाला.

तर आता माझी अट. ऑपरेशनची तारीख कळवल्याशिवाय मी एकाही सामन्याचं एक अक्षर लिहिणार नाही. आईलाही सांगणार नाही. तुम्ही लीगच्या पानावर आकडे बघत बसा.

प्रणाली

*

खापरखेडा
१७ फेब्रुवारी २०२५

प्रणाली,

पत्र मिळालं. मामाला धमकी द्यायला कुठे शिकलीस ते समजलं नाही. ठीक आहे. मी कॉलनीतल्या लहान पोरांचे सामने बघेन. ती पोरं मला अट घालत नाहीत.

तुझ्या मामीने तिळाची चटणी पाठवली आहे, ती माझ्याकडून नाही.

धम्मदीप मेश्राम

*

खापरखेडा
५ मार्च २०२५

बेटा प्रणाली,

मी रागाने पूर्ण नाव लिहिलं होतं. पोस्टात टाकण्याआधी मामीने पाकीट उघडून वाचलं आणि मला दोन दिवस वरण बिनफोडणीचं वाढलं.

लीगच्या पानावर काल आकडा पाहिला. नेत्रावती तीन, इम्फाळ चार.

आधीचे शून्य-दोन, एक-तीन, ते मी गिळले. पण तीन-चार म्हणजे काय झालं असेल? तुम्ही पुढे होता की मागे? तीन कोणी मारले? थोइबीने सगळे मारले काय? इम्फाळ तिचंच गाव ना, मग घरच्या लोकांसमोर तिला कसं वाटलं? गोलूने सगळा फोन उलटासुलटा केला. कुठे फोटो नाही, ओळ नाही. एवढ्या मोठ्या देशात तो सामना कसा झाला हे एक माणूस सांगत नाही. ज्याला माहीत आहे ती तू, आणि तू तोंड शिवून बसलीस.

संध्याकाळी चहाच्या टपरीवर यावरून भांडण झालं. गोलू म्हणतो, “पयले तीन यायनं मारले, मंग दमल्या असतीन.” सखूबाई म्हणते, “तू दमतं सायकलवर दळण आणतानी. त्या पोरी दमत नाई. शेवटाले कायतरी झालं हाय.” मला बोलायला मनाई, म्हणून मी नुसता दोघांच्या तोंडाकडे बघत होतो. आणि मला असं वाटलं, प्रणाली, की सखूबाईचं खरं आहे. शेवटी काहीतरी झालं आहे. म्हणून तू आईच्या फोनवर पण नीट बोलत नाहीस. फुटबॉल सोडलं तर नाहीस ना?

जा, तू जिंकलीस. १८ मार्चला ऑपरेशन आहे, १६ ला भरती व्हायचं. मामीची सही झाली, माझी पण झाली. डॉक्टरच्या चिठ्ठीची झेरॉक्स सोबत ठेवली आहे, कारण तू विश्वास ठेवणार नाहीस.

आता तीन-चार कसा झाला ते सांग.

मामा

*

मंगळूर
१० मार्च २०२५

मामा,

चिठ्ठी पाहिली. उशीखाली ठेवली आहे. हे पत्र स्पीड पोस्टने रामदासपेठेतल्या हॉस्पिटलच्या पत्त्यावर पाठवते आहे, म्हणजे ऑपरेशनच्या आधी मिळेल.

तीन-चार असा झाला. इम्फाळची टीम आमच्या एकच पायरी वर. पाऊस होऊन गेलेला, मैदान चिखलाचं. पहिला गोल त्यांचा, मग थोइबीचा. तिची आजी बघायला आली होती, दोन्ही गोलांना तीच टाळ्या वाजवत होती. दुसरा आमचा, दुसरा त्यांचा. तिसरा त्यांचा झाला तेव्हा वाटलं संपलं. पण अनुश्री, जी कधी अर्धं मैदान ओलांडत नाही, ती बॉल घेऊन निघाली ती थांबेचना, आणि शेवटी तोल जाऊन पडता पडता तिने मारला. तीन-तीन. मामा, या मोसमात आम्हाला एकही गुण मिळालेला नाही. ड्रॉ झाला असता तर पहिला गुण होता. फसीला बोट वर करून सगळ्यांना सांगत होती, शांत राहा, एवढंच धरून ठेवा. रेफ्री घड्याळ बघत होता.

तेवढ्यात आम्हाला कॉर्नर मिळाला. शेवटचा.

आपल्या मैदानावर ड्रॉ नसतो. दिवे नाहीत, अंधार पडतो, म्हणून बरोबरी झाली की नाणं उडवतात. म्हणून शेवटच्या कॉर्नरला सगळे वर जातात, गोलकीसकट. आणि तुम्ही माइकवरून ओरडता, “शेवटचा कार्नर हाय. गोलकी, घरी कोनासाठी थांबली वं? वर जाय.” मी दहा वर्षांची असल्यापासून ते ऐकलंय. मला ते ऐकू आलं. खरंच ऐकू आलं, मामा, तुमच्या आवाजात. आणि मी गोल सोडून धावत सुटले.

फसीला नको नको म्हणत होती. मी पोचले, उडी मारली, डोकं बरोबर लागलं. बॉल वरच्या दांड्यावर आदळला आणि त्यांच्या पोरीच्या पायात गेला. तिने मान वर केली तर आमचा गोल रिकामा. तिने आपल्याच अर्ध्यातून मारला. जोराचा नव्हता. चिखलातून लहान मूल दुडदुडतं तसा जात होता. मी मागे धावत होते आणि तो पुढे होता. रेषेवर जवळजवळ थांबला, आणि गेला.

लविना मॅडमनी एवढंच विचारलं, ड्रॉ चालत होता, तर तुला वर जायला कोणी सांगितलं? मी म्हटलं, कोणी नाही. काय सांगणार होते? खापरखेड्याहून आवाज आला म्हणून? पुढच्या सामन्यापासून मी बाकावर आहे. थोइबी अजून माझ्याशी बोलते, पण हळू आवाजात, आजारी माणसाशी बोलतात तसं. मी बॅग काढून ठेवली आहे. अर्धी भरली आहे. तुमचं झालं की घरी यावं म्हणते, कायमचं.

तुम्हाला हे ऑपरेशनच्या आधी सांगायचं नव्हतं. पण आपला सौदा झाला होता.

प्रणाली

*

रामदासपेठ, नागपूर
१७ मार्च २०२५

बेटा,

उद्या सकाळी नेणार आहेत. नर्सने पेन दिला आहे आणि परत मागितला आहे, म्हणून भराभर लिहितो.

आधी खरं सांगतो. तारीख मी फक्त तुझ्या पत्रासाठी घेतली होती. पत्र मिळालं की इथून पळायचं असं ठरवलं होतं. पिशवीत चपला वेगळ्या ठेवल्या होत्या. मामीला कळलं होतं बहुतेक, कारण ती दाराशी स्टूल टाकून बसली होती.

शेजारच्या खाटेवर उमरेडचे कृष्णकांत आहेत. घरी पूर्वी हातमाग होता, आता मुलगा गाड्या दुरुस्त करतो. त्यांचंही माझ्यासारखंच आहे, पुढच्या आठवड्यात. त्यांना कुजबुजत तुझं पत्र वाचून दाखवलं. “वर जाय” पर्यंत आलो आणि माझ्याच्याने पुढे वाचवेना. त्यांना वाटलं घसा दुखला. त्यांनी पत्र हातातून घेतलं आणि उरलेलं मला वाचून दाखवलं. बॉल रेषेवर थांबला तिथे ते पण थांबले.

प्रणाली, मी इतकी वर्षं ओरडलो. पोरं म्हणायची मामा बडबडतो, बायका म्हणायच्या आवाज कमी करा. कोणी ऐकतं असं मला कधी वाटलंच नाही. आणि माझा आवाज इम्फाळला गेला. चिखलात, पावसात, शेवटच्या मिनिटाला तुझ्या कानात होता, आणि तू त्याचं ऐकून धावलीस. जी गोष्ट तुझ्याजवळ इतकी पक्की पोचली, ती माझ्या गळ्यात राहिलीच पाहिजे असं काही नाही. उद्या घेऊ दे त्यांना. मी चपला मामीला देऊन टाकल्या.

तू वर गेलीस ते चुकलंच. ड्रॉ चालत असताना गोलकीने घर सोडू नये, हे मी मॅडमच्या बाजूने बोलतो. पण चुकीला बॅग भरायची नसते. बॅग रिकामी कर. मी इथून पळत नाही, तू तिथून पळू नकोस.

एक काम आहे. त्या तीन-चारच्या अकरा जणींची नावं मला पाठव, उच्चारासकट.

मामा

*

मंगळूर
२९ मार्च २०२५

मामा,

आई म्हणाली तुम्ही शुद्धीवर आल्यावर हाताने गोल काढून दाखवला. मामी म्हणाली चहा मागतात, आई म्हणाली फुटबॉल. काय होतं ते कळवा.

मी तुमचं पत्र इतक्यांदा वाचलं की घडीवर फाटलं. बॅग रिकामी केली. लविना मॅडमना जाऊन सगळं सांगितलं, कॉलनीचं मैदान, नाणं, माइक. दुसऱ्या दिवशी सरावाला म्हणाल्या, वर जायचंच असेल तर परत धावायला पण शिक. तेव्हापासून रोज सगळ्या गेल्यावर मला या गोलपासून त्या गोलपर्यंत पळवतात. अजून बाकावरच आहे.

नावं मागे लिहिली आहेत. थोइबीमधला ‘थो’ लांब आहे. फसीलाचा ‘सी’ दीर्घ. लालरिनपुईचं एका दमात म्हणायचं, मध्ये थांबलं की ती चिडते. कशाला हवीत ते समजलं नाही. वॉर्डात वेळ जात नसेल म्हणून पाठ करत असाल.

तुमची
प्रणाली

*

खापरखेडा
१५ एप्रिल २०२५

बेटा, जय भीम.

चहाच मागत होतो. पण आता कॉलनीत सगळ्यांना फुटबॉलच सांगितलं आहे, तू फोडू नकोस.

गळ्याला भोक आहे, त्यावर मामीने पांढरी मलमल शिवून बांधलीय. धुळीत जायचं नाही असं डॉक्टरचं म्हणणं. तरी जयंतीच्या आदल्या दिवशी फायनलला गेलो. मामीने खुर्ची लांब निंबाखाली टाकली. माइक गोलूकडे होता. त्याचा शर्ट घामाने चिकटलेला, कारण त्याला गाणी लावता येतात, बोलता येत नाही.

सामना संपला, पंचशील कॉलनी जिंकली. गोलूने घाईघाईत जिंकलेल्यांचं पहिलं नाव घेतलं. आणि सगळं मैदान उठलं. “ए गोल्या, आधी हरलेले.” जिंकलेल्या टीमचा कॅप्टनच सगळ्यात जोरात ओरडत होता. गोलूने जीभ चावली आणि हरलेल्यांची नावं सुरू केली. एक चुकला तर लोकच दुरुस्त करत होते. मला वाटायचं ही माझी पद्धत आहे. ती त्यांची कधी झाली, मला कळलंच नाही.

अकरा झाल्यावर मी मामीच्या हातून तुझा नावांचा कागद त्याच्याकडे पाठवला. तो म्हणाला, “आता या पोरी मंगळूरच्या हायत. आपली प्रनाली त्यायच्यात हाय. यायनं इम्फाळले तीन-चार खाल्ला. कसा खाल्ला ते सगळ्यायले मालूम हाय.” मालूम होतंच, कारण तुझं पत्र टपरीवर सगळ्यांचं वाचून झालं होतं. मग त्याने एकेक नाव घेतलं. थोइबीचा ‘थो’ त्याने नको तेवढा लांबवला. लालरिनपुईला तीनदा थांबला, तिला सांगू नकोस. ज्यांनी खापरखेडा नकाशात पाहिलं नाही अशा पोरींसाठी अख्खं मैदान उभं होतं, सखूबाई गुडघा धरून उभी होती.

तुझं नाव शेवटी ठेवलं होतं. तिथे गोलू थांबला आणि सवयीने माइक घेऊन माझ्याकडे आला. मी पण सवयीने घेतला. तोंड उघडलं. नुसती हवा, ती पण गळ्यातून. माइकमध्ये फुस्स झालं. आणि मग सगळ्यांनी मिळून तुझं नाव घेतलं, प्रणाली. लहान पोरांनी, पोलिसाने, चहावाल्याने, दोन्ही टीमनी. मी रडलो. हुंदका आता ऐकू येत नाही, तेवढी सोय झाली आहे.

मला वाटलं होतं मी अर्धा राहीन. तसं काही वाटलं नाही.

शेवटचा सामना कधी आहे?

मामा

*

मंगळूर
२३ एप्रिल २०२५

मामा,

तुमचं पत्र सामन्याच्या सकाळी आलं. बसमध्ये सगळ्यांना हिंदीत सांगितलं. आधी हसत होत्या, गोलूच्या ‘थो’ला तर थोइबी पोट धरून हसली. सगळं मैदान उभं राहिलं तिथे मी आले तेव्हा हसणं थांबलं. फसीला खिडकीबाहेर बघत म्हणाली, मंगळूरमध्ये आमचं नाव कोणी घेत नाही, ते कुठे घेतलं, ते गाव पुन्हा एकदा सांग. मी सांगितलं. लविना मॅडम पुढच्या सीटवर होत्या. मागे न वळता म्हणाल्या, प्रणाली, आज गोलमध्ये तू.

हरलो, मामा. दोन-तीन. तळालाच राहिलो. पुढच्या वर्षी मला कोण घेईल माहीत नाही, पण कोणी ना कोणी घेईल असं मॅडम म्हणतात. सामना झाल्यावर समोरच्यांचा फोटो चालला होता, तेव्हा मॅडमनी आम्हाला मधल्या वर्तुळात उभं केलं आणि आमची नावं घेतली, एकेक करून. अँब्युलन्सच्या ड्रायव्हरने टोपी काढली.

पुढच्या शनिवारी गाडीत बसते. तुम्हाला स्टेशनवर यायला बंदी, धूळ असते. घरीच बसा, मामीला चहा टाकायला सांगा. आजवर तुम्ही बोललात आणि मी ऐकलं, आता मी बोलणार आणि तुम्ही ऐकणार आहात.

शेवटच्या मिनिटाला आम्हाला कॉर्नर मिळाला होता. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, हाताने खूण केली, वर जा. मी गेले. पुढे काय झालं ते लिहीत नाही. मामी म्हणाली तुम्ही परवा टपरीवर खर्र्याच्या डब्याकडे बराच वेळ बघत होतात. त्याला हात लावलात, तर दोन-तीन कसा झाला ते तुम्हाला कधीच कळणार नाही.

प्रणाली